जुन्या विनोदी मालिकांचे मोल आणि नव्या निर्मितीची निकड

अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ या विनोदी मालिकेचा अखेरचा भाग ६ मे २००४ रोजी प्रक्षेपित झाला. त्यानंतर दीड दशकाने, २०१९ या एका वर्षापुरती ती मालिका आपल्या संग्रहात ठेवता यावी म्हणून नेटफ्लिक्सने सुमारे १० कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. २०१३ मध्ये दाखल झालेल्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांसाठी, म्हणजे २६ कोऱ्या भागांसाठी, याच कंपनीने जवळपास एवढीच रक्कम खर्च केल्याचे सांगितले जाते. वारंवार पाहून झालेल्या मालिकेचे वर्षभराचे भाडे आणि नव्या मालिकेची दोन पर्वे एकाच किमतीची ठरावीत, हे वरकरणी विचित्र वाटते. स्ट्रीमिंग व्यवसायाचे अर्थकारण मात्र याच विसंगतीत दडलेले आहे.

पुनःप्रक्षेपणाचा उगम

जुने भाग पुन्हा दाखवून पैसा मिळवण्याची कल्पना स्ट्रीमिंगच्या कितीतरी आधीची आहे. १९५१ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली, तेव्हा बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नाझ या कलावंत दांपत्याने मात्र आपली मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर चित्रित करण्याचा आग्रह धरला. त्यासाठी मानधन कमी घेऊन त्यांनी भागांची मालकी आपल्याकडे राखली. पुढे बॉल यांच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवावे लागले आणि प्रेक्षक तेही आवडीने पाहतात, हे उघड झाले. कालांतराने त्याच भागांचे हक्क सीबीएसने लाखो डॉलर देऊन विकत घेतले. चित्रफीत उत्तम प्रतीची होती आणि मालकी निश्चित होती, म्हणूनच हे शक्य झाले.

यातूनच ‘सिंडिकेशन’ची पद्धत रूढ झाली. मूळ वाहिनीवर चाललेली मालिका देशभरातील स्थानिक केंद्रांना विकली जाई आणि ती केंद्रे आठवड्याचे पाच दिवस रोज एक भाग दाखवत. त्यासाठी साधारण १०० भागांचा साठा असावा, असा संकेत होता. तेवढे भाग २० आठवडे पुरत. पहिल्या प्रक्षेपणात तोटा सोसायचा आणि शंभरी गाठल्यावर तो भरून काढायचा, असा निर्मात्यांचा हिशेब असे.

करारांची चढाओढ

स्ट्रीमिंग सेवांनी या जुन्या साठ्याचे मोल नव्याने वाढवले. २०१९ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलने ‘द ऑफिस’चे २०१ भाग आपल्या आगामी सेवेसाठी पाच वर्षांकरिता ५० कोटी डॉलरना घेतले. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग पाच वर्षांसाठी सुमारे ४२.५ कोटी डॉलरना वॉर्नरमीडियाच्या एचबीओ मॅक्सकडे गेले. या दोन्ही मालिका हातातून जाणार हे दिसताच नेटफ्लिक्सने ‘साइनफेल्ड’च्या १८० भागांचे जागतिक हक्क मिळवले. घरच्याच मालिकेसाठी कंपन्यांना एवढी किंमत का मांडावी लागली, असा प्रश्न पडेल. अशा मालिकांच्या नफ्यात निर्मात्यांचा व इतर भागीदारांचा वाटा असतो. त्यामुळे व्यवहार घरातल्या घरात झाला तरी भाव बाजाराचाच धरावा लागतो.

या किमतींना प्रेक्षकसंख्येचा आधार होता. नील्सन या मापन संस्थेच्या नोंदींनुसार २०२० मध्ये अमेरिकेत ‘द ऑफिस’ ५,७१० कोटी मिनिटे पाहिली गेली आणि त्या वर्षी स्ट्रीमिंगवर ती पहिल्या क्रमांकावर राहिली. तिचे चित्रीकरण थांबून तेव्हा सात वर्षे लोटली होती. २०२३ मध्ये हा उच्चांक मोडला तोही एका जुन्याच मालिकेने. ‘सूट्स’ ही २०१९ मध्ये संपलेली, वकिली व्यवसायावरची मालिका ५,७७० कोटी मिनिटे पाहिली गेली.

जुने राखते, नवे आणते

यावरून नव्या मालिका निरुपयोगी ठरत नाहीत. एखाद्या सेवेचे नाव चर्चेत येते आणि नवे वर्गणीदार जोडले जातात ते प्रामुख्याने नव्या कलाकृतींमुळे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ किंवा ‘स्क्विड गेम’ पाहण्यासाठी लोकांनी वर्गणी भरली. स्वतःच्या मालकीची मालिका करार संपला म्हणून प्रतिस्पर्ध्याकडे जात नाही, हा लाभही मोठा आहे.

मात्र आठ-दहा भागांची नवी मालिका एका सप्ताहअखेरीस पाहून संपते. त्यानंतर वर्गणी चालू का ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर जुनी विनोदी मालिका देते. तिचा भाग २०-२२ मिनिटांचा असतो, तो कुठूनही सुरू करता येतो, पात्रे ओळखीची असतात आणि स्वयंपाक करताना वा जेवताना ती सहज सोबत करते. काय पाहावे याचा निर्णय घेण्याचाही शीण होत नाही. नेटफ्लिक्सने २०२३ च्या पहिल्या सहामाहीचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात एकूण प्रेक्षणापैकी ५५ टक्के स्वतःच्या आणि ४५ टक्के परवान्याने घेतलेल्या कलाकृतींचे होते. नव्या निर्मितीवर प्रचंड खर्च करणाऱ्या कंपनीतही इतरांकडून घेतलेल्या साठ्याचा वाटा निम्म्याच्या जवळ होता.

उद्याचा साठा कोठून येणार?

खरी अडचण पुढे आहे. आज ज्यांना सोन्याचा भाव आहे, त्या मालिका एका दिवसात घडल्या नाहीत. ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग जुलै १९८९ मध्ये दाखवल्यावर वाहिनीने केवळ चार भाग मागवले; ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली १९९४-९५ च्या हंगामात. ‘द ऑफिस’चे पहिले पर्व अवघ्या सहा भागांचे होते आणि त्याला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. वाहिन्यांनी धीर धरला, लेखकांना आणि नटांना पात्रांत मुरायला अवधी मिळाला, म्हणून शेकडो भाग उभे राहिले.

स्ट्रीमिंग सेवांकडे हा धीर क्वचितच दिसतो. नेटफ्लिक्सच्या दीर्घायुषी विनोदी मालिकांपैकी ‘ग्रेस अँड फ्रँकी’ सात पर्वे चालली, तरी तिचे भाग झाले ९४. समीक्षकांनी वाखाणलेली ‘वन डे अॅट अ टाइम’ तीन पर्वांनंतर, २०१९ मध्ये बंद करण्यात आली. अशा धोरणातून शंभरी गाठणाऱ्या मालिका निर्माण होणे कठीण आहे.

मानधनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. दूरचित्रवाणीवर भाग पुन्हा विकला गेला की लेखकांना व कलावंतांना ‘रेसिड्युअल’ म्हणून वाटा मिळे. स्ट्रीमिंगमध्ये ही रक्कम बहुतांशी ठरीव झाली. मालिका किती पाहिली गेली याचा तिच्याशी संबंध उरला नाही. २०२३ मध्ये अमेरिकी पटकथालेखकांनी केलेल्या १४८ दिवसांच्या संपामागे हे एक प्रमुख कारण होते. तडजोडीनुसार, पहिल्या ९० दिवसांत देशांतर्गत वर्गणीदारांपैकी २० टक्के वा अधिक जणांच्या प्रमाणात पाहिल्या गेलेल्या नव्या मालिकांसाठी लेखकांना अधिक मोबदला देण्याचे ठरले. सावकाश, वर्षानुवर्षे लोकप्रिय होणाऱ्या मालिकेला मात्र या निकषाचा फारसा आधार नाही.

भारतीय दाखला

आपल्याकडे ‘साराभाई वर्सेस साराभाई’चे उदाहरण बोलके आहे. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर चाललेल्या या मालिकेला तेव्हा बेताचेच प्रेक्षक लाभले. पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेट यांमुळे तिचा चाहतावर्ग पुढे वाढत गेला आणि २०१७ मध्ये हॉटस्टारने तिचे नवे पर्व खास आपल्यासाठी तयार करवून घेतले. जुन्याचे यश नव्या निर्मितीचे भांडवल ठरते, ते असे. मराठीतही ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ किंवा ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ यांची आठवण घरोघरी निघते. अशा आठवणीतून बाजारमूल्य निर्माण व्हायचे, तर मूळ भाग चांगल्या स्थितीत जपलेले असणे आणि हक्कांची कागदपत्रे स्पष्ट असणे आवश्यक असते. ‘आय लव्ह लुसी’च्या कर्त्यांनी १९५१ मध्येच या दोन्ही गोष्टी साधल्या होत्या.

मुद्दल आणि व्याज

जुने की नवे, असा हा वाद मांडला जातो. प्रत्यक्षात प्रश्न काळाचा आहे. जुनी मालिका हे पूर्वी कोणीतरी गुंतवलेल्या मुद्दलाचे व्याज आहे. ते व्याज आजच्या सेवा खात आहेत. नव्या विनोदी मालिकेला दुसऱ्या-तिसऱ्या पर्वात गुंडाळत राहिल्यास नवे मुद्दल साठणार नाही, आणि आणखी २० वर्षांनी भाड्याने घ्यायलाही ‘फ्रेंड्स’ आणि ‘साइनफेल्ड’च उरतील.