दारू-ड्रग्ज सोडवायचेत, पण जायचं कुठे आणि पैसे किती लागतात?

रात्री साडेअकराला शाळेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘अगं, दादाचं पिणं हाताबाहेर गेलंय. एक सेंटर सापडलंय. महिन्याचे चाळीस हजार सांगतायत, त्यातले वीस आत्ता ऑनलाइन भरा म्हणतायत. सकाळी गाडी पाठवून घेऊन जातील, त्याला आधी सांगायचीही गरज नाही म्हणे. भरू का?’

‘नको भरूस, सकाळपर्यंत थांब,’ एवढंच उत्तर तेव्हा सुचलं.

घरात व्यसन असलं की बहुतेक लोक याच क्रमाने जातात. वर्षभर गप्प बसायचं, मग एका रात्री काहीतरी घडतं आणि मोबाइलवर ‘नशामुक्ती केंद्र जवळपास’ असं शोधायचं. वर दिसतात त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात. जो पहिला फोन उचलतो आणि ‘ताई, काळजी करू नका’ म्हणतो, त्याच्याकडे पैसे जातात. उपचार मिळतातच असं नाही.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती केंद्राने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात म्हटलंय. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मागे एक. उरलेल्यांना सोडायचंच नसतं असं अजिबात नाही. अनेकांना कुठल्या दारातून आत जायचं हेच ठाऊक नसतं.

पहिलं दार सिव्हिलचं

हे ऐकून नाक मुरडू नका. जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, किंवा जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज, यांच्या मानसोपचार विभागाची ओपीडी ही सुरुवातीची सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात बरी जागा. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला घाबरून लोक तिथे जात नाहीत आणि मग दुप्पट-चौपट पैसे देऊन जिथे डॉक्टरच नाही अशा ठिकाणी माणूस ठेवतात.

आधी डॉक्टर का? कारण रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जीवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे काही तासांत सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. घरचे म्हणतात, बघा, दारू सोडली म्हणून वेड लागलं. वेड नाही, ती वैद्यकीय इमर्जन्सी आहे. थेट कॅज्युअल्टी गाठायची. हॉस्पिटलमध्ये यावर औषधं आहेत, शिवाय थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ‘खोलीत कोंडून ठेवा, तीन दिवसांत सुटेल’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर सोडतानाचा त्रास भयंकर असतो, पण त्यात सहसा जीव जात नाही. त्यावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. सरकारी केंद्रांत ती देखरेखीखाली मोफत देतात. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, तसं नाही. त्याच्यावर अशी थेट गोळी नाही, तिथे समुपदेशन आणि सोबतच्या नैराश्यावरचे उपचार हेच मुख्य. म्हणजे कुणाला दाखल करायचं, कुणाला ओपीडीत चालेल, हे पदार्थावर आणि माणसावर ठरतं. सरसकट तीन महिन्यांचं पॅकेज विकणारा हे बघतच नाही.

फोनवरून शोधायचं असेल तर

दोन नंबर सेव्ह करून ठेवा. १४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नशामुक्ती हेल्पलाइन. तुमच्या भागातलं सरकारी मदत मिळणारं केंद्र कोणतं, हे तिथे विचारता येतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. पेशंट तयार नसेल तर नातेवाइकानेही फोन करायला हरकत नाही.

सरकारी मदत मिळणाऱ्या केंद्रांची नावं जरा किचकट आहेत. स्वयंसेवी संस्था चालवतात आणि मंत्रालय अनुदान देतं, ती एकात्मिक पुनर्वसन केंद्रं. कागदोपत्री त्यांना ‘आयआरसीए’ म्हणतात. तिथे राहून उपचार होतात. सरकारी हॉस्पिटलच्या आतच चालतात ती ‘एटीएफ’, तिथले उपचार मोफत. ही अक्षरं लक्षात ठेवा, कारण हेल्पलाइनवर ‘जवळचं आयआरसीए किंवा एटीएफ कुठलं?’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. नुसतं ‘सेंटर सांगा’ म्हटलं की गोल गोल फिरवतात, हा स्वानुभव.

संस्थांमध्ये महाराष्ट्रात सगळ्यात आधी नाव निघतं ते पुण्याच्या मुक्तांगणचं. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. अवचटांचं गर्दवरचं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे देऊ केले होते. तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. हे मुद्दाम सांगितलं, कारण व्यसनी बाईसाठी जागा शोधणं पुरुषापेक्षा कितीतरी अवघड आहे. बहुतेक केंद्रांत बायकांची सोयच नसते आणि घरचेही लपवतात.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथेही उपचारांची गरज संपलेली नाही. ‘सर्च’च्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तिपथने तिथे तालुक्याच्या पातळीवर व्यसन उपचार क्लिनिक नेली. गावापासून जवळ असलं तर लोक येतात.

पैसे भरण्याआधी हे विचारा

खासगी केंद्राचा खर्च महिन्याला काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत कितीही असू शकतो. एसी खोली आणि बाग यांचा उपचाराशी संबंध नाही. संबंध आहे तो पुढच्या गोष्टींशी.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? असेल तर नंबर मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘मानसिक आजार’ या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. अशा पेशंटना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्राला ही नोंदणी लागते. ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी ही वेगळी गोष्ट. अनेक जण तीच फ्रेम करून लावतात आणि विषय संपवतात.

मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का? फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार? घरच्यांना भेटता, फोनवर बोलता येतं का? महिनाभर भेट बंद असं सांगितलं तर तिथून निघा. आणि पैशांचं स्पष्ट विचारा: औषधं, रक्ततपासण्या यात धरल्यात का, दहाव्या दिवशी पेशंट परत आला तर उरलेले पैसे मिळतात का, पावती कुणाच्या नावाने? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. चांगल्या केंद्राला याचा राग येत नाही.

‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ याबद्दल कायदा काय म्हणतो? सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होतो आणि साधारणपणे स्वतःच्या इच्छेने बाहेरही पडू शकतो. त्याच्या मर्जीशिवाय दाखल करायला ठरावीक अटी आहेत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असणं, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, यातलं काहीतरी हवं. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे बहुतेक वेळा घरच्यांपैकी कुणाचा तरी, अर्ज लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा तज्ज्ञ अशा दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं. मुदत सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. पेशंट बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांच्या बाबतीत ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. साखळीने बांधून ठेवायला तर कायद्याने सरळ बंदी आहे. चार बाउन्सर आणि एक इको गाडी यात कुठेच बसत नाही.

आता ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’वाली पावडर. एसटी स्टँडच्या भिंतीपासून इन्स्टाच्या रीलपर्यंत ही जाहिरात सगळीकडे आहे. पुडीत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतं. म्हणूनच डॉक्टर ते पेशंटला पूर्ण सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. भाजीत कालवून दिलं आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर जीव जाऊ शकतो.

खर्च कोण देणार?

मोफत रस्ते आधी बघा. सिव्हिलमध्ये केसपेपर काढला की सुरुवात होते. मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून एक पद असतं. औषधं बाहेरून आणायला सांगितली किंवा पैसे कमी पडले तर त्यांच्याकडे जायचं. कुठली योजना, कुठला ट्रस्ट, हे त्यांना पाठ असतं.

आयुष्मान भारतच्या पॅकेज यादीत मानसिक आजारांचा गट आहे आणि त्यात नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनाचे विकारही आहेत. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसोबत चालते. पण कार्ड आहे म्हणून कुठल्याही केंद्रात चालेल असं समजू नका. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याच्या आधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना विचारा, ‘हा आजार, हे हॉस्पिटल, बसतं का?’ फोनवर विचारायला १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५.

धर्मादाय हॉस्पिटलांचा रस्ता फारच कमी लोक वापरतात. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असेल तर तिथेही मागता येतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड जवळ ठेवा. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

खासगी मेडिक्लेमची गोष्ट मात्र वैताग आणणारी आहे. २०१७ चा कायदा म्हणतो, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या. त्याच कायद्याच्या व्याख्येत व्यसनाशी जोडलेल्या अवस्था येतात. पण आयआरडीएआयने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळण्यांमध्ये कोड १२ आहे: दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं. ‘परिणाम’ या एका शब्दावर लिव्हरचे क्लेमही अडतात. तेव्हा पॉलिसीच्या कागदात हे कलम आधी शोधा, गृहीत धरून लाखाचं केंद्र निवडू नका. नैराश्यासारखा वेगळा आजार सोबत असेल आणि त्यासाठी दाखल केलं असेल, तर क्लेम करा. नाकारला तर लेखी कारण मागा, आधी कंपनीकडे तक्रार, मग विमा लोकपाल. लोकपालाकडे जायला पैसे लागत नाहीत.

नोकरी असेल तर एचआरला विचारायची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. तरी कारखान्यांमध्ये कामगार कल्याण अधिकारी असतात, आणि काही कंपन्या उपचारांचा खर्च उचलून माणसाला परत कामावर घेतात. नोटीस यायच्या आधी विचारलेलं बरं.

पोलीस केस होईल का?

ड्रग्जच्या बाबतीत घरचे याच भीतीने थांबतात. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ नीट वाचण्यासारखं आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या साठ्याचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. विक्री करणाऱ्यासाठी हे कलम नाही.

मैत्रिणीचा दादा दुसऱ्या दिवशी सिव्हिलला गेला, तोही ‘फक्त झोपेची गोळी मागायला’ असं सांगून. डॉक्टरांनी हात बघितले आणि भरती करून घेतलं. नऊ दिवस. खर्च झाला तो मुख्यतः रिक्षा, डबा आणि बाहेरून केलेल्या एका तपासणीचा. दोन महिन्यांनी, एका लग्नात, तो परत प्यायला. मैत्रीण रडत म्हणाली, सगळं वाया गेलं. डॉक्टर म्हणाले, घेऊन या, औषध बदलू. चाळीस हजार आधीच एका महिन्यात संपले असते, तर या दुसऱ्या वेळेसाठी घरात काही उरलं नसतं. पैशांचा हिशोब करताना म्हणूनच पहिल्या महिन्याचा नको, निदान वर्षभराचा करा: ओपीडीच्या फेऱ्या, गोळ्या, बुडालेला रोज.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, मराठीतही होतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे, तिथे पिणारा माणूस आला नाही तरी चालतं. मैत्रीण तिथे जायला लागली आहे. दादा दर गुरुवारी ओपीडीला जातो, कधी कधी चुकवतो.