धातूवरील उत्कीर्णनातील छायांकन, महाराष्ट्रातील

धातूच्या पत्र्यावर कोरणीने रेषा कोरून त्यांची जाडी, खोली व दाटी यांच्या साहाय्याने उजेड-सावलीचा आभास निर्माण करण्याच्या कौशल्यास उत्कीर्णनातील छायांकन म्हणतात. महाराष्ट्रात धातूवर कोरण्याची परंपरा प्राचीन आहे; छायांकनाचा परिचय मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि तोही अर्ध्यावरच राहिला.

जुन्या ताम्रपटांना छायेची गरज नव्हती. वेरूळ येथे मिळालेल्या राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या शके ६६३ मधील ताम्रपटासारख्या दानपत्रांत अक्षर स्पष्ट व टिकाऊ असावे, एवढीच अपेक्षा असे. रेणापूर, लातूर, उदगीर या पट्ट्यास सर्वांत जवळची कोरणीची परंपरा बीदरची होय. तेथे जस्तप्रधान मिश्रधातूवर मोकळ्या हाताने आकृती रेखाटून छिन्नीने खाचा पाडतात, त्यांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने पृष्ठभाग काळा करतात. या कामात काळे आहे व पांढरे आहे. मधली छटा केवळ तारांच्या विरळ-दाट मांडणीतून भासते.

छापण्यासाठी कोरलेल्या पत्र्याची रीत निराळी. तिरपे घासलेल्या टोकाची चौकोनी पोलादी कोरणी तळहातात धरून पुढे ढकलतात. पत्रा वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला असतो व वळण घेताना हाताऐवजी पत्राच फिरवितात. दाब वाढला की रेषा खोल व रुंद होते, तिच्यात शाई अधिक मावते आणि छाप काळा उठतो. शिकाऊ कारागीर प्रथम समान अंतरावरील समांतर रेषा साधतो, मग वस्तूच्या गोलाईप्रमाणे त्या वळवितो, नंतर त्यांना छेद देणारे दुसरे जाळे व जाळ्याच्या घरांतील ठिपके शिकतो. चूक झाल्यास पत्रा खरवडून, मागून ठोकून पुन्हा सपाट करावा लागतो. छिन्नी-हातोडीच्या ठोक्यांना सरावलेल्या हाताला ही सलग फुगत जाऊन निमुळती होणारी रेषा नवी होती. धातूची जाण मात्र त्याला आधीपासून होती.

हा योग पुण्यात जुळून आला. पेशवे दरबारातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार होता. पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्याचे त्याचे चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे, म्हणजे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये भारतात येण्यापूर्वीचे. त्यामुळे गंगारामाचे सारे श्रेय वेल्सला देणे योग्य नव्हे. तथापि पुढे शनिवारवाड्यात निघालेल्या चित्रशाळेत त्याला वेल्सचा सहवास लाभला. त्याने काढलेल्या वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांत करड्या रंगाच्या पातळ थरांनी दर्शविलेली खोली दिसते. ही छाया कुंचल्याची, कागदावरची होती.

कोरणीचे शिक्षण वेगळ्याच कामी आले. ठसे कोरण्यास शिकलेल्या पुण्याच्या एका तांबटाकडून भगवद्‌गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून छापावी, असा नाना फडणीसांचा बेत होता. १८०० मध्ये नाना निवर्तले. तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला व १८०५ मध्ये तेथे गीता छापली गेली. उलटी नागरी अक्षरे कोरणे ही सोपी गोष्ट नव्हे, परंतु काम अक्षरांचे होते. कुंचल्याने छाया जाणणारा व कोरणीने पत्रा कोरणारा यांची विद्या एका पत्र्यावर एकत्र आलीच नाही.

वेल्स १७९५ मध्ये मरण पावला. त्याची वेरूळची रेखाटने इंग्लंडला गेली आणि टॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये ती लंडनहून प्रसिद्ध केली. त्यांतील छाया राळेची भुकटी व आम्ल यांच्या साहाय्याने साधलेली आहे. अशा छटेसाठी एकेक रेषा कोरावी लागत नाही. मराठवाड्यातील लेण्यांची छापील छायाचित्रणपूर्व प्रतिमा अशा रीतीने परदेशी हातांनी घडली.

पुढे मुंबईत शिळामुद्रण आले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापाचे पंचांग काढले. दगडावर तेलकट खडूने ओढलेल्या रेषेतच छटा उमटत असल्याने पत्रा कोरण्याचे कष्ट अनावश्यक ठरले. तांबटांकडे भांडी राहिली व त्यांवरील ठोक्यांचे मठारकाम.