बाखच्या घरातील वीस पाळणे

आपल्या धर्मग्रामांत गाणारे, व्हायोलिन वा ऑर्गन वाजवणारे, कविता लिहिणारे आणि नाटके बसवणारे पुरुष थोडेथोडके नाहीत. दिवसा नोकरी किंवा शेतीवाडी आणि रात्री तालीम, असा त्यांचा क्रम असतो. अशा घरी गेलो की एक तक्रार हमखास कानी पडते. कलेने आमचा माणूस नेला, असे पत्नी म्हणते. लेकरे झाली आणि लेखणी थांबली, असे तो माणूस हळूच सांगतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. आम्ही अविवाहित धर्मगुरू. पितृत्वाविषयी स्वानुभवाने बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून या प्रश्नावर आम्ही इतिहासातील एका पित्याची साक्ष काढू इच्छितो. हा पिता म्हणजे थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख.

बाख लूथरन पंथीय होता. तरी त्याच्या ऑर्गनरचना आज कॅथलिक मंदिरांतूनही वाजतात आणि त्याच्या 'बी मायनर मिस्सा'तील आरंभीचे दोन भाग त्याने १७३३ साली ड्रेस्डेनच्या कॅथलिक राजास अर्पण केले होते. त्याचा जन्म १६८५ साली आयझेनाख येथे झाला. नऊ वर्षांचा असताना आई गेली, दहाव्या वर्षी वडील गेले. पुढे थोरल्या भावाने त्याला घरी नेऊन सांभाळले आणि वाद्य शिकवले. पित्याचे छत्र असे लवकर हरपलेल्या या माणसाच्या घरी पुढे वीस मुले जन्मास आली. मारिया बार्बारा या पहिल्या पत्नीपासून सात आणि आना माग्डालेना या दुसऱ्या पत्नीपासून तेरा. त्यांपैकी दहाच मोठी झाली.

१७२० सालच्या उन्हाळ्यात बाख आपल्या आश्रयदात्या राजपुत्रासमवेत कार्ल्सबाडला गेला होता. परतून दारात पाऊल टाकले, तेव्हा पत्नीचे दफन होऊन गेलेले होते. घरात अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ, सहा व पाच वर्षांचे तीन मुलगे एवढी चार पोरकी लेकरे उरली होती. दरबारी नोकरीपायी पती आणि पिता ऐन वेळी घराबाहेर होता. कलावंताच्या संसारातील ही जखम नवी नाही, हे ध्यानी यावे म्हणून आम्ही ती येथे नोंदवीत आहो.

याच वर्षी, या आघाताच्या काही महिने आधी, बाखने एक वही सुरू केली होती. तिच्यावर २२ जानेवारी १७२० ही तारीख आहे. ही वही थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याला वाद्य शिकवण्यासाठी होती. स्वरांची चिन्हे कशी वाचावी, बोटे कोठे ठेवावी येथपासून तिचा आरंभ होतो. पुढे पाठ कठीण होत जातात. ज्या 'इन्व्हेन्शन्स' आज जगभरचे पियानो शिकणारे विद्यार्थी वाजवतात, त्यांची पहिली रूपे याच वहीत आहेत. 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर' या अमर ग्रंथातील अकरा प्रिल्यूड्सची आरंभीची रूपेही तेथेच सापडतात. नऊ वर्षांच्या पोराला शिकवताना जे लिहिले गेले, तेच पुढे कलेचे भांडार ठरले. मुलाला दिलेला वेळ कलेतून वजा झाला, असा हिशेब येथे मांडताच येत नाही.

१७२३ साली बाख लायप्झिगला आला आणि तेथील सेंट थॉमस शाळेचा संगीतप्रमुख झाला. दरबारातील मानाची जागा सोडून शाळामास्तराची जागा पत्करण्याचे एक कारण त्याने आपल्या मित्रास पत्राने कळवले आहे: मुलांना विद्यापीठाचे शिक्षण मिळावे. येथे कामाचा डोंगर होता. पहिल्या काही वर्षांत बहुतेक प्रत्येक रविवारी व सणाला नवा 'कँटाटा', म्हणजे गायक आणि वाद्यवृंद यांसाठी रचलेले उपासनासंगीत, तयार करावा लागे. रचना झाली की प्रत्येक गायकासाठी आणि वाद्यासाठी वेगळी प्रत हाताने उतरवायची, मग तालीम आणि रविवारी सादरीकरण. या प्रती उतरवणाऱ्यांत शाळेचे विद्यार्थी होते, आना माग्डालेना होती आणि वयात येणारे मुलगेही होते. शाळेच्याच इमारतीत कुटुंब राहत असे आणि रचना करण्याची खोलीही तेथेच होती. पुढे दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने त्या घराची आठवण सांगताना त्यास कबुतरखान्याची उपमा दिली, इतकी तेथे माणसांची येजा असे. आपल्याला वादन आणि रचना शिकवणारा गुरू पित्यावाचून दुसरा कोणी नव्हता, असेही त्याने लिहून ठेवले आहे. १७३० सालच्या पत्रात बाख अभिमानाने म्हणतो, की माझी मुले जन्मजातच संगीतकार असून घरच्या माणसांचीच मैफल मला उभी करता येते. पत्नीचा आवाज निर्मळ आहे आणि थोरली मुलगीही बरी साथ देते, हेही तो आवर्जून कळवतो.

हे चित्र गोजिरवाणे आहे. परंतु त्याला काळोखी बाजू आहे आणि ती झाकणे इतिहासास धरून होणार नाही. १७२६ ते १७३३ या आठ वर्षांत या दांपत्याची सात लेकरे दगावली. ज्या घरातून रविवारमागून रविवार स्तुतिगीते बाहेर पडत होती, त्याच घरातून या चिमुकल्या शवपेट्याही बाहेर पडत होत्या. स्वतः आना माग्डालेना क्योथेनच्या दरबारात पगारी गायिका होती. लायप्झिगच्या मंदिरांत स्त्रियांनी गाण्याची प्रथा नसल्याने तिची ती वृत्ती तेथे संपली. पतीची कला बहरली, त्यामागे पत्नीची मिटलेली कला होती. कलावंत पित्याचे कौतुक करताना आपण बहुधा येथे डोळेझाक करतो.

आणखी एक दुःख आहे. योहान गॉटफ्रिड बेर्नहार्ड हा पहिल्या पत्नीचा धाकटा मुलगा. पित्याच्या शब्दावर त्याला आधी म्युलहाउझेन आणि मग झांगरहाउझेन येथे ऑर्गनवादकाची जागा मिळाली. दोन्ही ठिकाणी त्याने कर्ज केले आणि १७३८ साली कोणास न सांगता तो नाहीसा झाला. त्या वेळी बाखने एका अधिकाऱ्यास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. मागचे कर्ज आपण फेडले, आता मुलगा कोठे आहे हे ठाऊक नाही, आणि शिकवण व माया या दोहोंचाही उपयोग झाला नाही, म्हणून त्याला देवाच्या दयेवर सोपवतो, अशा आशयाचे ते आहे. पुढल्याच वर्षी येना येथे, कायद्याच्या अभ्यासासाठी नाव नोंदवल्यावर थोड्याच महिन्यांत, तो तापाने वारला. वय अवघे चोवीस. सर्व भावंडांना एकच घर, एकच गुरू आणि एकच पिता लाभला होता. चांगल्या पित्याच्या पोटीही मुलगा वाट चुकतो, हे ज्या आईबापांना लाजेने सांगवत नाही, त्यांनी बाखचे हे पत्र आठवावे.

गॉटफ्रिड हाइनरिश हा दुसऱ्या पत्नीचा थोरला मुलगा. त्याच्या ठायी संगीताची मोठी देणगी होती, पण बुद्धीची वाढ नीट झाली नाही. त्याला घराने सांभाळले आणि पित्यानंतर बहिणीने व मेहुण्याने नाउम्बुर्ग येथे आपल्याकडे ठेवून घेतले. सर्वांत धाकटा मुलगा योहान क्रिस्टियन पित्याच्या मृत्युसमयी, म्हणजे १७५० साली, चौदा वर्षांचा होता. पुढे तो इटलीस गेला, बोलोन्याच्या पाद्रे मार्तिनी या फ्रान्सिस्कन गुरूपाशी शिकला, कॅथलिक झाला आणि १७६० साली मिलान कॅथेड्रलचा ऑर्गनवादक बनला. लंडनला १७६४ साली आठ वर्षांच्या मोझार्टला त्याचाच स्नेह लाभला.

मात्र मुलगे नावारूपास येत असताना मागे काय घडले? आना माग्डालेना दहा वर्षे वैधव्यात जगून १७६० साली शहराच्या दानधर्मावर अवलंबून असता वारली. धाकटी मुलगी रेगिना सुसाना हिच्यासाठी १८०० साली लायप्झिगच्या संगीत-नियतकालिकातून मदतीचे आवाहन करावे लागले. बेथोव्हेननेही त्या कामी साहाय्य देऊ केले होते. पित्याने मुलांना कला दिली, शिक्षण दिले. परंतु घरातील स्त्रियांच्या उद्याची तरतूद त्याच्या हातून झाली नाही, आणि मुलगेही त्या कर्तव्यात उणे पडले.

या चरित्रातून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. कला आणि लेकरे यांच्यासाठी दिवसाचे दोन वेगळे तुकडे करू गेल्यास दोन्ही तुकडे अपुरे पडतात. बाखने मुलांना आपल्या कामाजवळ बसवले, त्यांच्या हाती लेखणी दिली, त्यांच्या चुका दुरुस्त करता करता स्वतःची रचना घडवली. आपल्या गायकवृंदाच्या तालमीस येणाऱ्या पित्याने आपल्या मुलाला, आणि मुलीलाही, सोबत आणावे. तिला केवळ 'बरी साथ' देण्यापुरते न ठेवता तिचेही गाणे पुढे जाऊ द्यावे. पत्नीने एके काळी काही सोडले असेल, तर ते काय होते हे तिला विचारावे. आणि वहीत कवितांची पाने भरत असता, संसाराच्या जमाखर्चाचे पानही कोरे ठेवू नये.