सतरा आठवडे आणि दोन वर्षे: एका औषधाचा इतिहास

१/५
१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या एका चिवट दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे तो ‘क्रोन्स रोग’ म्हणून ओळखला गेला.

२/५
यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. तिला आवरणारे औषध मात्र कर्करोग-संशोधनातून आले. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांचे मर्कॅप्टोप्युरीन पेशींची डीएनए-निर्मिती रोखते. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या प्रतिकारपेशींनाही लगाम बसतो.

३/५
याच कुळातील अझाथायोप्रिन अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत क्रोन्सवर निष्प्रभ ठरले. निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाला. चाचणीची मुदत होती १७ आठवडे.

४/५
१९८० साली डॅनियल प्रेझेंट, बर्टन कोरेलिट्झ आदींची, ८३ रुग्णांवरील दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. मर्कॅप्टोप्युरीन गुणकारी ठरले; पण गुण येण्यास सरासरी ३.१ महिने लागले, काहींना तर चारांहून अधिक. अशा रुग्णांसाठी १७ आठवडे अपुरेच होते.

५/५
१९८८ साली एलियन व हिचिंग्ज नोबेलचे मानकरी झाले. ‘औषध निरुपयोगी’ असा निकाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: वाट किती काळ पाहिली?