साडेबावीस इंची गिटार

गिटारचं माप तिच्या धडावरून घेत नाहीत, तारेवरून घेतात. मानेच्या टोकाच्या नटपासून धडावरच्या ब्रिजपर्यंत तार जेवढी मोकळी वाजते, तेवढा तिचा स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचा स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. ही गिटार १९५४ साली बाजारात आली आणि स्वस्तातल्या पुष्कळ इलेक्ट्रिक गिटारी आजही तिच्याच मापावर कापलेल्या असतात. जळगावात किंवा धुळ्यात वाद्यांच्या दुकानात जाऊन ‘इलेक्ट्रिक दाखवा’ म्हटलं की भिंतीवरून जी खाली काढतात, ती याच मापाची. दुसरं माप असतं हेच बऱ्याच दुकानांत ठाऊक नसतं.

मी जळगावात गिटार शिकवते, आठवड्यातून एकदा धुळ्याला देवपुरातही वर्ग घेते. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात, तशा संसारातून वेळ काढून शिकणाऱ्या बायकाही येतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींचे हात लहान असतात. खरी परीक्षा एफ कॉर्डला होते. तर्जनी मानेवरच्या पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबायची आणि उरलेली बोटं पुढे पसरायची. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर स्ट्रॅटवर सुमारे १३४ मिलिमीटर भरतं, छोट्या गिटारच्या साडेबावीस इंची स्केलवर ते ११८ होतं. या सोळा मिलिमीटरांत मुलं शिकणं सोडून देतात, हे मी पाहिलेलं आहे. ताणाचंही तसंच. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. लांब गिटारवर शंभर असेल, तिथे छोटीवर अठ्ठ्याहत्तर. बोटं कमी सोलवटतात आणि मूल रियाजाला जास्त वेळ बसतं. शिरपूरकडच्या एका आईने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, “बाई, हाई गिटार मन्ही पोरले मोठी पडस.” तिने आयुष्यात पहिल्यांदाच गिटार हातात घेतली होती, पण दोष मुलीचा नसून मापाचा आहे हे तिने अचूक ओळखलं.

अमेरिकेत या मापाचा विचार सत्तर वर्षांपूर्वीच झाला. लिओ फेंडर यांनी १९५६ साली म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सोनिक या दोन गिटारी काढल्या. दोन्ही साडेबावीस इंची, दोन्ही शिकणाऱ्यांसाठी, साध्या आणि स्वस्त. १९६४ साली त्यांची मस्टँग आली, ती चोवीस इंची. आणि ही मापं फक्त पोरासोरांची होती असं कोणी म्हणू नये. जॉन लेननने १९६० साली हँबुर्गमध्ये घेतलेली रिकनबॅकर ३२५ ही पावणेएकवीस इंची होती. बीटल्सच्या सुरुवातीच्या कितीतरी गाण्यांत तीच वाजते. ‘लहान मापाची म्हणजे खेळण्यातली’ ही समजूत आपल्या बाजारात इतकी पक्की आहे, की मला लेननचं उदाहरण पालकांना पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

या गिटारी खान्देशापर्यंत पोचल्या नाहीत, याची कारणं इतिहासात आहेत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, म्हणून आयातीला परवाना लागे, आणि वाद्यासाठी असा परवाना काढणं साध्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या भागात गिटार पहिल्यांदा दिसली ती भुसावळला, रेल्वेमुळे. माझे वडील तिथल्या लोको शेडमध्ये होते. अँग्लो-इंडियन कुटुंबं तेव्हा रेल्वेच्या बंगल्यांतून राहत. नाताळच्या दिवसांत रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच असे, आणि खिडकीबाहेर उभं राहून गिटार ऐकल्याचं वडील सांगत. ती कुटुंबं हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जाताना वाद्यं विकली गेली असतील, तर तीही मुंबईच्या बाजूने. भुसावळात शिकवणारं कोणी मागे राहिलं नाही.

गिटार येण्याची दुसरी वाट कलकत्त्याची. तिथे हवाईयन गिटार रुजली होती. मूळचे पॅसिफिक बेटांवरचे वादक ताऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, शिकवत आणि वाजवत होते. पुढे व्हॅन शिप्ले यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. फ्रेटवर बोट दाबावंच लागत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या काळात आपल्याकडे गिटार बनवणारे कारागीर तयार होत होते, त्या काळातल्या बऱ्याचशा गिऱ्हाइकांना डाव्या हाताच्या पंजाची अडचण माहीतच नव्हती. मानेची लांबी कमी करा, असं त्या कारागिरांना कोण सांगणार?

नंतर सिनेमाने गिटार उभी करून खांद्याला अडकवली. १९७१ साली ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली, १९७३ साली ‘यादों की बारात’ आला, १९८० साली ‘कर्ज’मध्ये गोरख शर्मा यांनी वाजवलेली धून तर गल्लीतली पोरं शिट्टीवर वाजवत. हौस एकदम वाढली आणि कलकत्त्याच्या गिव्हसन, हॉबनर यांच्या गिटारी जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊ लागल्या. कमी पैशांत हातात गिटार पडली ती या कारखान्यांमुळे, त्यांचे उपकार मी मानते. पण हौस होती पडद्यावरच्या उंच नायकाची, आणि मापही त्याच्याच हाताचं राहिलं.

इलेक्ट्रिक हवी असेल तर मुंबईच गाठायची. जळगावकर रात्रीच्या गाडीने जात, धुळेकर आधी चाळीसगावला येऊन गाडी धरत. धोबी तलावाला १८६५ साली सुरू झालेल्या फुर्तादोसचं वाद्यांचं दुकान आहे. खान्देशातला हौशी माणूस तिथे काचेबाहेर बराच वेळ उभा राही आणि बहुधा तारांचे संच घेऊन परत येई. आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले. मग चिनी बनावटीच्या गिटारी आल्या, पुढे घरपोच मागवायची सोय झाली. इबानेझची मायक्रो आणि स्क्वायरची मिनी स्ट्रॅट या आज साधारण साडेबावीस इंची मापात बनतात. मात्र जळगावच्या कुठल्याही दुकानात मला त्या हातात घेऊन पाहायला मिळालेल्या नाहीत. एकदा एका विद्यार्थिनीसाठी छोटी म्हणून मागवली, तर खोक्यातून पूर्ण मापाची निघाली. परत पाठवणं, पैसे अडकणं, मुलीचा हिरमोड, सगळं झालं. न बघता वाद्य घ्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल घेणं.

मापाचं हे भान आपल्या मातीत नाही असं मात्र अजिबात नाही. मिरजेला जा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पिढ्यानपिढ्या तंबोरा गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे बनतो. लेडीज तंबोरा वेगळा, जेन्ट्स तंबोरा वेगळा, दांडी आणि भोपळा त्या हिशेबाने. लेडीज तंबोऱ्याला तिथे कोणी कमी दर्जाचं वाद्य समजत नाही.

आणि बेंजो! नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या बटणांचं एक तंतुवाद्य काढलं, ताइशोगोतो. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आपल्या महाराष्ट्रात बेंजो. कव्वाली, भीमगीतं, भजनी मंडळं, गणपतीच्या मिरवणुका, सगळीकडे ते पोचलं. लहानखुरं, मांडीवर मावणारं, बटण दाबलं की सूर नेमका. पुढे त्याला तारांची थरथर पकडणारा पिकअप लावून लाउडस्पीकरला जोडलं. आखूड तारेचं, स्वस्त, विजेवर वाजणारं वाद्य हवं अशी इथल्या लोकांची गरज होती, आणि ती त्यांनी स्वतः भागवली. जीएसटी आला तेव्हा हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना कर माफ झाला. त्या वाद्यांच्या सरकारी यादीत पहिलंच नाव बुलबुलतरंगाचं आहे. शंभर वर्षांत परदेशी वाद्य इतकं आपलं होऊ शकतं. गिटारला मात्र कर लागतो.

धुळ्यात मी एका बेंजो दुरुस्त करणाऱ्यांकडे पिकअप घेऊन गेले होते. त्यांनी सांगितलं, आपल्याकडे मोटर वाइंडिंगची दुकानं पावलोपावली आहेत, पण पंपाच्या मोटारीची तार जाड असते. पिकअपला केसासारखी बेचाळीस नंबरची तार लागते आणि तिचे सात-आठ हजार वेढे घालावे लागतात. तार मुंबईहून आणली, वेढे त्यांनी स्वतः घातले. ज्या गावात असे हात आहेत, तिथे छोटी गिटारसुद्धा बनू शकेल असं मला मनापासून वाटतं. अडतं ते मानेपाशी. वाळलेलं सरळ लाकूड, आतली लोखंडी सळई आणि फ्रेटच्या खाचा बिनचूक कापणं, यासाठी अजून कोणी पुढे आलेलं नाही.

तोवर वर्गात मी एक उपाय करते. लांब गिटारच्या सगळ्या तारा एक स्वर खाली उतरवायच्या आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. मोकळी तार ५७७ मिलिमीटर उरते, म्हणजे पावणेतेवीस इंचांच्या आत. सूर पुन्हा नेहमीचा, ताण हलका, फ्रेट जवळजवळ. ज्यांच्याकडे मोठी गिटार पडून आहे, त्यांनी हे आजच करून बघावं. धडाचं वजन तेवढं कमी होत नाही, आणि लहान मुलाच्या खांद्याला ते जाणवतं.

या वर्षी जळगावातल्या एका दुकानदारांनी शब्द दिला आहे, की पुरेशा मागण्या एकत्र आल्या तर ते छोट्या मापाच्या गिटारी मागवतील, आणि एक नग दुकानात वाजवून बघायला ठेवतील. भुसावळ, अमळनेर, धुळे इथल्या पालकांची नावं माझ्या वहीत लिहून घेतेय. आगाऊ रक्कम कोणी द्यायची, यावर रविवारी सगळे बसणार आहोत.