धर्मसंगीताची पाठशाला

ऑर्गन म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाची रंगभूमि उभी राहते. समोर बसलेला साथीदार, त्याच्या पायांखालीं चालणारा भाता आणि नांदीपूर्वीं नाट्यगृहभर घुमणारा तो भारदस्त स्वर! परंतु श्रोतेहो, आज मला ज्या ऑर्गनाविषयीं सांगावयाचें आहे, तो हा नव्हे. नाटकांतल्या ऑर्गनांत पितळेच्या पत्त्या कंप पावतात. युरोपांतील ख्रिस्तमंदिरांतला ऑर्गन म्हणजे मुख्यतः बांसऱ्यांचा डोंगरच. कथील-शिशाच्या आणि लांकडाच्या शेंकडों, कधीं हजारों नळ्या, हातांसाठीं एकीवर एक रचलेल्या स्वरपट्ट्या आणि पायांनीं वाजवावयाची आणखी एक पट्टी. असें वाद्य घरीं आणतां येत नाहीं. तें इमारतीचाच एक अवयव असतें. ज्याला तें शिकावयाचें, त्यानें वाद्याकडे गेलें पाहिजे, आणि वाद्य बहुधा देवाच्या घरीं. मग त्याला तयार करावयाचें तें कलावंत म्हणून, कीं उपासनेचा सेवक म्हणून? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सन १७०५ च्या ऑक्टोबरांत योहान सेबास्टियन बाख हा वीस वर्षांचा तरुण जर्मनींतील आर्नश्टाट गांवीं ऑर्गनवादकाच्या नोकरींत होता. त्यानें चार आठवड्यांची रजा घेतली आणि सुमारें अडीचशें मैल पायीं चालून तो उत्तरेकडील ल्यूबेक शहरीं पोंचला. तेथें सेंट मेरीच्या मंदिरांत बुक्स्टेहूड नांवाचा वृद्ध आचार्य वाजवीत असे. त्याच्या सायंकालीन संगीतसभांची कीर्ति दूरवर होती. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले! परत आल्यावर, १७०६ च्या फेब्रुवारींत, धर्ममंडळानें बाखला जाब विचारला. एक आरोप उशिराचा. दुसरा असा कीं, स्तोत्रांच्या साथींत तो चमत्कारिक स्वर मिसळतो आणि मंडळी गोंधळून जाते. मीं जन्मभर शाळेंत हजेरीपट भरले. तरीही या खटल्यांत मला मंडळाची बाजू घेववत नाहीं. मात्र दुसरा आरोप अगदींच पोकळ नव्हता. ज्यांना गावयाचें आहे त्यांना सूर सांपडला पाहिजे, हें म्हणणें खोटें कसें म्हणावें?

पुढें शंभर वर्षांच्या आंत फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली आणि १७९५ सालीं पॅरिस येथें सरकारी संगीतविद्यालय, कॉन्झर्वेटवार, स्थापन झालें. तेथील ऑर्गनचा वर्ग १८७२ मध्यें सेझार फ्रांक यांच्याकडे आला. त्या वर्गाची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. एक रचना पाठ वाजवावयाची. बाकीच्या तीन कसोट्या आयत्या वेळच्या. प्राचीन धर्मगीताला साथ करावयाची, दिलेल्या विषयावर तेथल्या तेथें फ्यूग बांधावयाचा, आणि दिलेल्या सुरावटीचा मुक्त विस्तार करावयाचा. आपल्या गवयाला यांत नवल वाटणार नाहीं, परंतु छापील स्वरलिपीच्या त्या देशांत ही मोठीच गोष्ट होती. १८९० मध्यें फ्रांक वारले व विदोर आले. त्यांनीं बोटांच्या आणि पायांच्या शिस्तीवर भर दिला. १८९६ पासून गिल्मां. हे गिल्मां १८९४ च्या स्कोला कांटोरम या संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक. जुनें धर्मसंगीत पुन्हां जिवंत करावें, हा तिचा मूळ हेतु. म्हणजे सरकारी विद्यालय वादक घडवी आणि उपासनेची काळजी दुसऱ्या घरीं वाहिली जाई.

हीं दोन घरें एक करण्याचा प्रयत्न अमेरिकेंत झाला. गिल्मां यांच्यापाशीं शिकलेले क्लॅरेन्स डिकिन्सन हे न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशास्त्राच्या पाठशालेंत १९१२ पासून शिकवीत. त्यांच्या पत्नी हेलन या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टर. या दांपत्याच्या पुढाकारानें १९२८ सालीं त्या पाठशालेंत धर्मसंगीताचें स्वतंत्र विद्यालय निघालें. पदवीनंतरचें शिक्षण, शेवटीं धर्मसंगीताची मास्टर किंवा डॉक्टर ही पदवी. ऑर्गनवादन, गायकवृंदाचें नेतृत्व आणि रचना हें तर होतेंच. शिवाय स्तोत्रांचा आणि उपासनाविधीचा इतिहास. उद्यांचा धर्मोपदेशक आणि उद्यांचा वादक एकाच छपराखालीं शिकत, आणि विद्यार्थी शहरांतील मंदिरांतून प्रत्यक्ष काम करीत. मला तर यांत बाखच्या खटल्याचें उत्तर दिसतें. उपदेशकाला संगीत कळलें आणि वादकाला उपासना कळली, तर जाब विचारण्याचे प्रसंग कमी येतील!

परंतु विद्यालयें केवळ तत्त्वावर चालत नाहींत. सेमिनरीची आर्थिक ओढाताण वाढली आणि १९७३ मध्यें तें विद्यालय बंद करण्यांत आलें. पंचेचाळीस वर्षांची परंपरा तेथेंच संपावयाची. ती सांवरली एका कुटुंबानें. रॉबर्ट टँजमन हे तेथें संगीतशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी क्लेमेंटाइन व त्यांचे उद्योगपति बंधु अर्विन मिलर यांनीं द्रव्य दिलें. विद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट बेकर कांहीं सहकाऱ्यांसह न्यू हेवन येथील येल विद्यापीठांत गेले. तेथें १९७३ सालींच धर्मसंगीताची संस्था स्थापन होऊन पुढच्या वर्षीं पहिले विद्यार्थी आले. रचना मोठी शहाणपणाची केली: संस्था एका बाजूनें संगीतविद्यालयाशीं आणि दुसऱ्या बाजूनें धर्मशास्त्रविद्यालयाशीं जोडलेली. ऑर्गनच्या विद्यार्थ्यानें दोन्हीं उंबरे ओलांडावे, हा हेतु.

वाद्यांची तेथें वाण नाहीं. वूल्झी सभागृहांतील ऑर्गन विसाव्या शतकाच्या आरंभीं बसविला, १९१५ आणि १९२८ च्या सुमारास वाढविला. त्याच्या नळ्या १२,६१७. तरी मला अधिक मोह आहे तो धर्मशास्त्रविद्यालयाच्या मार्क्वांड प्रार्थनामंदिरांतील लहान ऑर्गनाचा. तो २००७ सालीं नवा बांधला, पण सतराव्या शतकांतील उत्तर जर्मन पद्धतीनें, आणि त्याचे सूरही जुन्या रीतीनें लाविले. या रीतींत कांहीं थोड्या स्वरांवरून गाईलें तर गांधार शुद्ध, गोड लागतो. दूरच्या स्वरांवर गेलें कीं कर्कश होतो. पेटीचे समान अंतरांचे सूर आपल्या संगीताला मानवत नाहींत, म्हणून आपल्या रेडिओनें १९४० पासून सुमारें तीन दशकें पेटी बाहेर ठेविली होती, हें जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. गांधाराची ही तक्रार तिकडेही आहे तर!

ल्यूबेकचें तें मंदिर १९४२ च्या मार्चांत बाँबवर्षावानें जळालें आणि तेथील जुने ऑर्गन नष्ट झाले. मंदिर पुन्हां उभें राहिलें. पण बाखनें ऐकलेला तो नाद आतां कोणी ऐकूं शकत नाहीं. त्या घराण्याच्या सुरांत बुक्स्टेहूडची रचना हातांखालीं कशी बोलते, हें न्यू हेवनचा विद्यार्थी मार्क्वांडच्या ऑर्गनावर बसून शिकतो. त्यासाठीं त्याला अडीचशें मैल चालावें लागत नाहीं.