वजन नेमकं कधी मोजलं? बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा इतिहास आणि फॉलो-अपचा धडा

माझ्या मावशीचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन २०१३ मध्ये पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात झालं. तेव्हा तिचं वजन होतं ११८ किलो. दीड वर्षाने ते ७९ वर आलं. तिच्या फाइलमध्ये शेवटची नोंद या ७९ चीच आहे आणि शेजारी ‘निकाल उत्तम’ असा शेरा आहे. त्यापुढची पानं कोरी.

आज मावशीचं वजन १०१ किलो आहे. बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मधुमेहाची गोळी चार वर्षं बंद होती, ती पुन्हा सुरू झाली. ‘तू तपासणीला जायचं का सोडलंस?’ असं मी विचारलं, तर म्हणाली, “वजन वाढायला लागल्यावर तिथल्या काट्यावर उभं राहायची लाज वाटायची रे. जिभेवर ताबा ठेवा, एवढंच ऐकायला कशाला जायचं?”

संशोधनाच्या भाषेत मावशी ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ झाली. म्हणजे अभ्यासाच्या हातून निसटलेली. आता विचार करा: त्या हॉस्पिटलाने आपल्या पेशंटांवर शोधनिबंध लिहिला, तर मावशी त्यात कुठे दिसेल? दीड वर्षाच्या तक्त्यात यशस्वी म्हणून. आणि दहा वर्षांच्या तक्त्यात? कुठेच नाही.

मी वैद्यकाच्या इतिहासावर पीएचडी करतोय. तुमच्यातले बरेच जण सिनॉप्सिसच्या तयारीत आहात, म्हणून हा इतिहास आज एकाच प्रश्नाच्या अंगाने सांगतो. ‘ऑपरेशन यशस्वी झालं’ हे वाक्य ‘किती वर्षांनी मोजलं?’ याचं उत्तर मिळेपर्यंत अर्धवटच असतं.

दहा पेशंट आणि एक सोपी वाटणारी कल्पना

सुरुवातीची कल्पना अगदी सरळ होती. अन्नातलं पोषण लहान आतड्यात शोषलं जातं. मग आतड्याचा बराचसा भाग वाटेतून बाजूला काढला, तर माणूस खाईल पण अंगाला लागणार नाही. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी लठ्ठपणावर उपाय म्हणून आतड्याचा तुकडा कापून काढल्याची नोंद आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांचा कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा लेख आला. लहान आतड्याचा कुठला भाग काय शोषून घेतो, हा त्याचा विषय. त्यांनी तशा पद्धतीचं ऑपरेशन माणसावरही केलं होतं.

मग लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी १९५६ पासून दहा लठ्ठ पेशंटांवर ऑपरेशन केलं. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. बेत असा होता की वजन उतरलं की आतडं परत मूळ जागी जोडायचं. वजन झपाट्याने उतरलं. पण सोबत न थांबणारे जुलाब, शरीरातल्या क्षारांचा बिघाड आणि यकृताचं नुकसान आलं. आणि ज्यांचं आतडं पूर्ववत केलं, त्यांचं वजनही पूर्ववत झालं.

इथे जरा थांबा. या शेवटच्या वाक्यात पुढच्या सत्तर वर्षांचा सगळा तिढा आहे. वजन उतरवणं म्हणजे आजार बरा करणं नव्हे. शरीर आपलं जुनं वजन विसरत नाही.

चौदा अधिक चार

पेन आणि डीविंड यांनी जोडणी बदलली आणि १९६९ मध्ये नवी पद्धत मांडली. लहान आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच भाग शेवटच्या ४ इंचांना जोडायचा. म्हणजे साधारण सहा मीटरच्या आतड्यापैकी अन्नाच्या वाटेत उरलं अर्ध्या मीटरहूनही कमी. ही पद्धत लोकप्रिय झाली आणि १९७० च्या दशकात हजारो लोकांवर केली गेली. पहिल्या वर्षाचे आकडे डोळे दिपवणारे होते.

मग घड्याळ पुढे सरकलं. किडनीत खडे व्हायला लागले. का, ते समजून घ्या, कारण असा परिणाम पहिल्या महिन्यांत दिसत नाही. एरवी आहारातलं ऑक्झलेट कॅल्शियमला चिकटून शौचावाटे निघून जातं. इथे न पचलेली चरबीच कॅल्शियमला धरून बसते. मोकळं राहिलेलं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून किडनीत जातं. खडा व्हायला, किडनी निकामी व्हायला वर्षं लागतात. वाटेतून बाजूला पडलेल्या आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ होते, त्यातून सांधेदुखी उद्भवते. काहींचं यकृत निकामी झालं. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळपास बंद पडली आणि अनेकांचं आतडं पुन्हा ऑपरेशन करून पूर्ववत जोडावं लागलं.

या डॉक्टरांना खलनायक ठरवणं सोपं आहे. तसं करू नका. आपल्या पहिल्या पद्धतीतला दोष ओळखून त्यांनीच ती बदलली होती. चूक मोजमापाच्या मुदतीत होती. आजार सावकाश चालणारा, आणि निकाल मात्र घाईने लावलेला.

गॉथेनबर्गची चिकाटी

दरम्यान आयोवामध्ये एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन वाढत नाही. त्यावरून त्यांनी आणि इटो यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केला. पुढे १९८० च्या सुमारास मेसन यांनीच जठराला टाके आणि पट्टा घालून छोटी पिशवी करण्याची पद्धत काढली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निकष ठरवले: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. त्याच परिषदेने हेही म्हटलं होतं की पेशंटवर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख हवी. पहिली ओळ जगभर पाठ झाली. दुसरी ओळ माझ्या मावशीपर्यंत पोचली नाही.

पण एक अभ्यास वाट बघायला तयार होता. १९८७ मध्ये लार्स शोस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली स्वीडनमध्ये ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ हा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन झालेले २,०१० जण आणि त्यांच्याशी जुळवलेले, ऑपरेशन न केलेले २,०३७ जण. चिठ्ठ्या टाकून गट पाडता आले नाहीत, कारण त्या काळी ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका मोठा होता आणि नैतिक समित्यांनी परवानगी नाकारली.

आता आकडे बघा. गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळच्या ३२ टक्क्यांनी उतरलं, दहा वर्षांनी घट २५ टक्के उरली. जठराची पिशवी केलेल्यांत २५ चे १६ झाले, पट्टा बसवलेल्यांत २० चे १४. ज्यांना आधी मधुमेह होता, त्यांच्यापैकी ७२ टक्के लोकांचा तो दोन वर्षांनी गेलेला होता. पंधरा वर्षांनी हा आकडा ३० टक्के होता.

मग ऑपरेशन फसलं म्हणायचं? नाही. तुलनेच्या गटात पंधरा वर्षांनी तो आकडा साडेसहा टक्के होता. ऑपरेशन झालेले लोक सरासरी जास्त जगले. २०२० च्या अहवालात हा फरक सुमारे तीन वर्षांचा आहे. आणि त्याच अहवालात हेही आहे की सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचं आयुर्मान तरीही साडेपाच वर्षांनी कमी राहिलं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. जाहिरातीत पहिलं सापडतं, घाबरवणाऱ्या बातमीत दुसरं. संशोधकाला दोन्ही एका परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत.

मावशीचं गणित करून बघा. ११८ वरून १०१, म्हणजे साधारण १४ टक्के घट. तिला ‘पथ्य न पाळणारी बाई’ ठरवलं गेलं. स्वीडनच्या तक्त्यात मात्र ती पट्टा बसवलेल्यांच्या चक्क सरासरीवर बसते.

घड्याळाचे दोन सापळे

पहिला सापळा गळतीचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ७,३७१ अभ्यास तपासले गेले. दोन वर्षं किंवा जास्त काळ, आणि किमान ८० टक्के पेशंटांचा फॉलो-अप असलेले किती निघाले? २९. शंभरात अर्धासुद्धा नाही. आणि गळणारे लोक योगायोगाने गळत नाहीत. ज्यांचं बरं चाललंय ते हौसेने काट्यावर उभे राहतात, बाकीचे मावशीसारखे घरी बसतात. म्हणून उरलेल्यांची सरासरी काढली की निकाल आपोआप गोजिरा दिसतो.

दुसरा सापळा जास्त अवघड आहे. स्वीडनच्या अभ्यासातल्या ६८ टक्के लोकांवर झालेली पिशवीची पद्धत आता जवळपास कुणी करत नाही. आज सर्वांत जास्त होणारं ‘स्लीव्ह’ ऑपरेशन, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं करणं, त्या अभ्यासात नाहीच. मावशीचंही तेच झालंय. म्हणजे मी वर केलेली तुलनाही कच्चीच, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर छान. वीस वर्षांचा पुरावा हा नेहमी वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा असतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय शेतीचा असो, शिक्षणाचा असो की बचत गटांचा, ‘योजना यशस्वी’ असं वाचलंत की तीन प्रश्न वहीत लिहा. मोजमाप कधी केलं? सुरुवातीला होते त्यातले किती जण शेवटी मोजले गेले? आणि जे निघून गेले ते का गेले? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात मिळत नाही, त्यासाठी माणसांकडे जावं लागतं.

गेल्या महिन्यात मी मावशीला स्वीडनचे आकडे दाखवले. ती बराच वेळ ते कागद बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझं एकटीचंच असं झालं नाही तर.” पुढच्या आठवड्यात ती नऊ वर्षांनी पुन्हा तपासणीला जाणार आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे. मी सोबत जातोय. जुनी फाइलही घेतोय. कोरी पानं त्यांनाही दिसायला हवीत.